महिनाअखेर वीस तारखेलाच का येते?

तासिका (प्रश्न)
पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी पैशावर दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. चार-सहा महिन्यांत ही मुलं पुण्या-मुंबईत २५-३० हजारांवर लागतील. 'चहा कमी प्या, बचत करा' छापाचा उपदेश नको आहे. या वयात पैशाची सवय नेमकी कशाने लागते? घरच्या वळणाने, मित्रांमुळे की फोनमुळे? आणि त्यातलं दीड तासात काय हलवता येईल?

रोजकीर्द
घरचं वळण असतंच, पण लोक समजतात तसं नाही. काटकसरी घरातली मुलंही हाताने सैल निघतात, कारण त्यांनी काटकसर पाहिलेली असते, हिशेब पाहिलेला नसतो. लाइट बिल किती, किराणा किती, हप्ता कितीचा, हे कुणी त्यांच्यासमोर बोललेलंच नसतं.

खरी सवय लागते ती होस्टेलच्या तीन-चार वर्षांत, "संपले की सांग" या वाक्याने. यूपीआयवर आई-बाबा दोन मिनिटांत ५०० पाठवतात. त्यामुळे खात्यातली शिल्लक ही मर्यादा राहत नाही, घरी फोन करण्याची खूण होते. नोकरी लागल्यावर घरी मागायची लाज वाटते, मग तोच फोन क्रेडिट कार्डाला जातो.

सत्र पालकांसाठीही ठेवता आलं तर एवढंच सांगा: शेवटचे सहा महिने एक तारखेला ठरलेली रक्कम द्या, मेस, रिचार्ज, प्रवास सगळं धरून, आणि मध्ये भर घालू नका. पहिल्या महिन्यात १८ तारखेलाच खडखडाट होतो. तिथे विरघळून ५०० पाठवले की सगळं पाण्यात. दवाखाना आणि परीक्षा फी तेवढी वेगळी ठेवा.

सुटेपैसे
फोनबद्दल. 'यूपीआयमुळे खर्च वाढला' असं मोघम बोलून उपयोग नाही, नेमकं कुठे गळतं ते दाखवा. उदाहरणार्थ यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठी यूपीआयमधलाच वेगळा बटवा. एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता पैसे जातात आणि त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात. बँकेच्या पासबुकात मात्र १,००० भरल्याची एकच ओळ दिसते. त्यातले वडापाव, रिक्षा, आइस्क्रीम तिथे येत नाहीत, ते अ‍ॅपच्या इतिहासात राहतात आणि तो कुणी उघडत नाही. महिनाअखेरीस स्टेटमेंट पाहून "मी तर काही विशेष खर्च केलाच नाही" असं वाटतं ते यामुळेच. लाइट वाईट नाही, त्याचं आपोआप भरणं (ऑटो टॉप-अप) बंद ठेवायचं. दर सोमवारी हाताने ७०० भरायचे, संपले की संपले.

सत्रात मुलांना फोन काढायला लावा आणि यूपीआय अ‍ॅपमधलं 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' पान (वर्गण्या-हप्ते आपोआप कापायला दिलेल्या परवानग्यांची यादी) उघडायला सांगा. अर्ध्या वर्गाला ते पान आहे हेच ठाऊक नसतं.

रोजकीर्द
त्याला जोडून दोन खात्यांची पद्धत सांगा. पगाराचं खातं यूपीआयला जोडायचंच नाही. दुसऱ्या बँकेत एक बचत खातं काढायचं आणि यूपीआय फक्त त्याला. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी ठरलेली रक्कम, समजा १,८००, तिकडे जाईल अशी स्थायी सूचना द्यायची. महिन्याऐवजी आठवडा अशासाठी की शनिवारी उधळलं तरी उपास दोनच दिवसांचा.

हे फसतं कुठे? दुसऱ्या खात्याला किमान शिल्लक असेल तर तिचाच दंड बसतो. शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं घेतलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून बँक वेगळी. आणि नोकरी बदलली की जुनं पगार खातं, साधारण तीन महिने पगार न आल्यावर, साधं बचत खातं होतं आणि बँकेचा किमान शिलकीचा नियम असेल तर तो लागू होतो. मुलं ते विसरतात आणि वर्षाने दंड कापून रिकामं झालेलं खातं बघून दचकतात.

एसआयपीची (म्युच्युअल फंडातल्या ठरलेल्या मासिक गुंतवणुकीची) तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवायची. पगार ३० ला आणि एसआयपी २८ ला, हे फार दिसतं. हप्ता परत गेला तर फंड दंड लावत नाही, पण बँक लावते, वर जीएसटी. मासिक हप्ता सलग तीनदा चुकला की एसआयपीच रद्द होते.

कोटबेसिस
सगळं ठीक, पण आधी बेरीज करा. हातात २५,०००. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं) ७,०००, दोन वेळची मेस ४,०००, घरी ६,०००, बस-पेट्रोल २,०००, रिचार्ज-औषधं-किरकोळ १,५००. उरले ४,५००. दिवाळीला गावी जाणं आणि मित्राच्या लग्नाचा आहेर त्यातच. इथे 'शिस्त नाही' म्हणणं सोपं आहे.

पहिलं कर्ज तर बहुतेकदा पहिल्या पगाराच्या आधीच होतं. २२ तारखेला रुजू झालं की त्या महिन्याच्या पगारपत्रकाची तारीख उलटून गेलेली असते. पैसे थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे सव्वा महिना कोरडा. त्यात खोलीचं डिपॉझिट, ऑफिसचे कपडे, बूट. सत्रात हे नक्की सांगा: रुजू होण्याआधी एचआरला विचारायचं, पहिला पगार कोणत्या तारखेला? आणि तेवढ्या दिवसांची सोय घरून, उसनी म्हणून, आधीच बोलून ठेवायची.

खतावणी
कोटबेसिस यांच्या मुद्द्यावरच पुढे. त्या सव्वा महिन्यात अ‍ॅपवरून कर्ज घेतलं तर काय होतं ते फळ्यावर मांडा. मागितले १०,०००, शुल्क कापून खात्यात आले ९,४००, महिन्याने भरायचे १०,३००. म्हणजे ९,४०० वर महिन्याला ९००; वार्षिक दर ११५ टक्क्यांच्या घरात. सही करण्याआधी 'मुख्य तथ्य पत्रक' देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, त्यात वार्षिक दर असतो. किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदतही मिळते: मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. अ‍ॅपने फोनमधले संपर्क किंवा फोटो मागितले तर तिथूनच मागे फिरायचं, त्याला परवानगीच नाही.

'नो कॉस्ट' हप्त्याचंही एक गणित द्या. फोन ३०,०००, सहा हप्ते ५,००० चे. १५ टक्के दराने यातलं १,२७० व्याज असतं, ते दुकानदार सवलत म्हणून आधीच वजा दाखवतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे २२९ रुपये, तुमच्या खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. रक्कम लहान आहे. खरी अडचण ही की तीन हप्ते एकत्र चालू झाले की पगार यायच्या आधीच वाटला गेलेला असतो.

क्रेडिट कार्डाचं एकच वाक्य पुरे: किमान रक्कम भरली की उरलेल्यावर तर व्याज लागतंच, नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. हे बहुतेकांना माहीत नसतं.

सुटेपैसे
मित्रांचा मुद्दा राहिला. ऑफिसातली भिशी चालते, कारण पुढची चिठ्ठी ज्याची, तो तुमच्या २,००० ची वाट बघत असतो. नोंदणी नसते, पहिलाच नंबर घेऊन कुणी नोकरी सोडली की बाकीचे बसले, तेव्हा रक्कम लहानच ठेवा. त्याच मित्रांच्या ग्रुपवर शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या टिपाही येतात. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, सरासरी सुमारे २ लाख. या ट्रेडरांमधलं तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं होतं. हा आकडा सांगा आणि पुढे चला.

तासिका
आभार. आता क्रम असा: पहिल्या पगाराची तारीख, कर्जाचं गणित, मग फोन काढून ऑटोपे. एक शंका: ऑटोपे रद्द केलं की वर्गणीही बंद होते ना?

खतावणी
नाही. ऑटोपे रद्द म्हणजे बँकेतून पैसे जाणं थांबलं, करार नाही. वर्गणी त्या अ‍ॅपमध्ये जाऊन वेगळी बंद करायची. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचं किंवा कर्जाचं ऑटोपे तर रद्द करूच नका, उशिराचं शुल्क लागतं आणि सिबिलवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत) नोंद होते. वर्गात कुणीतरी उत्साहात सगळीच बटणं बंद करील, आधीच बजावून ठेवा.