तेइदेवरच्या ‘व्हायोलेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीच्या अंगावर एक दुर्मीळ रानटी व्हायोलेट उगवतं. शाळेच्या अंकासाठी त्यावर लिहितेय. कोशात ‘बनफशा’ सापडला. आमच्या साताऱ्याच्या मुलांना ‘सीतेच्या आसवांसारखं फूल’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ताई, ती उपमा कृपया टाळा. सीतेची आसवं हे निराळंच रानफूल; रंगापलीकडे त्याचं नि व्हायोलेटचं काही नातं नाही. कासच्या सड्यावर (पठारावर) खाली वाकून सीतेच्या आसवांचं एक फूल नीट बघा: वरचा ओठ, खालचा ओठ आणि खाली उतरलेली टोकदार नळी. झाडाला खरी मुळं नाहीत. ओल्या मातीत मोहरीहून बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. म्हणजे ही कीटकभक्षी वनस्पती. व्हायोलेटला सुट्या पाच पाकळ्या असतात. त्यातली खालची मागे वाढून पोकळ होते आणि मध तिथेच साठतो.

‘बनफशा’ मूळचा फारसी. काष्ठौषधींच्या दुकानात ‘गुलबनफशा’ मागितलं की सुकी फुलं पुडीत बांधून देतात, खोकल्याच्या काढ्यासाठी. तो शब्द औषधाला इतका चिकटलाय की तेइदेवरच्या फुलाला लावला तर वाचणाऱ्याला काढाच आठवेल.

मी सरळ ‘तेइदेचं व्हायोलेट’ लिहीन. स्पॅनिश लोकही त्याला डोंगराच्याच नावाने ओळखतात. आणि कासच्या सड्यावरच्या वायतुरा या आपल्या रानफुलाच्या शास्त्रीय नावात सातारा आहेच की, अपोनोजेटॉन सातारेन्सिस! लेखात एकदा तेइदेच्या व्हायोलेटचं व्हायोला कायरांथिफोलिया हे शास्त्रीय नाव जरूर द्या. ते हंबोल्ट आणि बाँप्लाँ या निसर्गअभ्यासकांनी दिलेलं. १७९९ च्या जूनमध्ये दोघे तेइदे चढले होते. ३,७१५ मीटरच्या त्या डोंगरावर, जिथे बाकीची झुडपं मागे पडतात, तिथल्या ज्वालामुखीच्या खडीत हे रोप तग धरतं. माणसाने बेटावर आणलेले ससे मात्र ते कुरतडतात. हे मुलांना सांगाच.

प्रश्न : मग आपल्याकडचं एखादं नातलग?

उत्तर : रतनपुरुष! व्हायोलेटच्याच कुळातला. गवतात उगवणारं छोटं रोप, एकच पाकळी मोठी, गुलाबी-जांभळी. बाकीच्या इतक्या लहान की चटकन दिसतही नाहीत. मुलांना माळावर नेऊन उभ्या रोपावरच दाखवा, उपटू देऊ नका.