बोकडाच्या माउंटला काचेचे डोळे बसवायला शाडू, प्लास्टिसिन की एम-सील?

नवशिका_चिपळूण
नमस्कार मंडळी. बोकडाचं शिर माउंट करायचं आहे, म्हणजे कातडं फॉर्मवर चढवून भिंतीवर टांगायचं. फोमचा तयार फॉर्म (कातड्याखालचा डोक्याचा आकार), कमावलेलं ओलं कातडं, पाठ पोकळ असलेले २८ मिमीचे काचेचे डोळे. सरावाच्या तुकड्यावर साधा शाडू वापरला तर दहा दिवसांनी खालची पापणी काचेपासून जवळपास एक मिमी सुटली आणि कोपऱ्यात भेग पडली. एम-सील लावून पाहिलं तर पापणी चिकटलीच नाही. प्लास्टिसिन (तेलातली माती) किंवा पीओपी चालेल का? डोळ्याखाली नक्की काय आणि किती भरायचं?

कातडीकाम
पदार्थ निवडण्याआधी एकच बघा, कातडं ओलं आहे की सुकं. तुमचं ओलं आहे, म्हणजे ते पुढचे दोन-तीन आठवडे आकसत राहणार. पापणीखाली असा माल हवा जो ओल्या कातड्याला धरेल, त्याच्याबरोबर हळूहळू सुकेल आणि पहिले चार-पाच दिवस बोटाने दाबता येईल. हे काम पाण्यातली मातीच करते. एम-सील तासाभरात दगड होतं, आपल्याकडच्या उकाड्यात त्याआधीच. कातडं नंतर आकसलं की सरकवायला काही उरत नाही. शिवाय एम-सील म्हणजे इपॉक्सी, आणि इपॉक्सीला ओली जागा नको असते, म्हणून पापणी सुटली.

पण एम-सील फेकू नका, त्याची जागा डोळ्याच्या मागे आहे. फोमची खोबणी कोरून घ्या, समान भाग मळून सुपारीएवढा गोळा तळाशी लावा, डोळा कोनात धरून बसवा आणि पूर्ण घट्ट होऊ द्या. आता पापणी ओढली तरी डोळा फिरणार नाही. बसवण्याआधी डोळ्याची पोकळ पाठ पूर्ण भरून घ्या. आत हवा राहिली की डोळा हलका दाबला तरी टकटक वाजतो. स्वस्त डोळ्यांना बुबुळाचा रंग पाठीवर दिलेला असतो. ओल्या मातीने तो सोलतो, ॲसिटोनने विरघळतो. म्हणून आधी पाठीवर दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ हात द्या. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद नको, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धुकं बसतं.

शाडूची भेग हा पाण्याचा दोष आहे. जितकं पाणी जास्त, तितकी माती आकसते. रात्रभर भिजवून वरचं पाणी काढा, फडक्यात बांधून टांगा आणि कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की मळा. चार मुठी मातीला एक मूठ घट्ट पिळलेला कागदाचा लगदा घाला, तंतूंमुळे भेग थांबते. एक चमचा फेव्हिकॉल घातलात तर सुकल्यावर भुगा होत नाही. मूर्तिकारांच्या दुकानातला चाळलेला शाडू घ्या. शेतातल्या मातीत खडे असतात, पातळ पापणीवर प्रत्येक खडा पुळीसारखा दिसतो.

किती भरायचं: खाली पेन्सिलीइतकी जाड वळी, वर भुवईसाठी त्याच्या दुपटीने. काचेच्या कडेवर मातीचा थर पातळ होत जायला हवा. जाड राहिला तर डोळा सुजल्यासारखा दिसतो. तुमची पापणी सुटली त्याचं बहुधा कारण वेगळंच आहे, आतलं अस्तर फार छाटलं असणार. पापणीच्या आतली त्वचा किमान ५–६ मिमी ठेवा, चिकटलेलं मांस मात्र काढून टाका. तेवढीच खोल चीर खोबणीभोवती फोममध्ये पाडा आणि ही पट्टी तिच्यात खोचा. काचेला टेकून सोडून दिलेली पापणी कुठल्याही मातीवर सुटणारच.

रेतीबंदर
प्लास्टिसिनचे तोटे सांगतो, कारण अनेक जण ‘सुकत नाही, आकसत नाही’ म्हणून त्याच्या मागे लागतात. त्यातलं तेल कातड्यात झिरपतं आणि पापणीच्या कडेला रंग धरत नाही. ओल्या कातड्याला ते चिकटत नाही. आणि मे महिन्यात बंद काचेच्या पेटीत ते मऊ पडून खाली सरकतं, विदर्भात तर नक्कीच. नमुना घडवताना त्याच्यावर हात बसवायला उत्तम, पण कायमचा आधार म्हणून नको.

पीओपी नाहीच. दहा-पंधरा मिनिटांत गरम होऊन बसतं, काचेला धरत नाही आणि चूक झाली तर छिन्नीने फोडावं लागतं.

कातडीकाम
सहमत. इंपोर्टेड अपॉक्सी स्कल्प्ट (हीही दोन भाग मळायची इपॉक्सी) मिळालं तर एम-सीलपेक्षा सरस. तेही समान भागातच, पण एक ते तीन तास हातात राहतं, पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होतं, पक्कं व्हायला २४ तास. नाकाकडच्या कोपऱ्यातलं तिसऱ्या पापणीचं मांस त्यानेच करा, पण कातडं पूर्ण सुकल्यावर. सुकल्यावर उरलेली केसाएवढी फटही त्यानेच भरून रंगवतात.

शेळीपालन_सातारा
पदार्थाबद्दल मला सांगण्यासारखं नाही, पण बोकडाची बाहुली आडवी असते हे विसरू नका. जिवंत शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा डोळे खोबणीत फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. म्हणजे मान कशीही असो, बाहुली क्षितिजाला समांतर ठेवा, डोळ्याच्या दोन कोपऱ्यांच्या रेषेला नाही. पाहणाऱ्याला काय खटकतं ते कळत नाही, पण बोकड ‘मेलेला’ वाटतो.

रेतीबंदर
हे लाख बोललात. फॉर्म भिंतीवर टांगल्यावर जो कोन येईल त्याच कोनात टेबलावर धरूनच डोळे बसवा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते कंपासने पाहा: नाकाच्या टोकाच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंतचं अंतर एकच हवं. सुकेपर्यंत पापणी धरून ठेवायच्या टाचण्या स्टेनलेसच्या घ्या, साध्या टाचण्या गंजून पापणीवर तपकिरी ठिपके सोडतात. काचेवरची माती ओली असतानाच ओल्या ब्रशने पुसा. राहिलीच तर टोक केलेली बांबूची काडी आणि स्पिरिट वापरा.

नवशिका_चिपळूण
फार आभार. अस्तर खरंच कडेपर्यंत छाटलं होतं! आणखी एक. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पेंढा भरलेलं जुनं बदक आहे, एक डोळा सैल झालाय. त्यालाही हाच शाडू चालेल ना?

संग्रहालय_खोली
नाही, आणि अजून हातही लावू नका. जुन्या माउंटमध्ये कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण लावत असत, ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. डोळ्याभोवती किंवा शिवणीवर पांढरे कण दिसतात ते कधी कधी हेच असतं. कण दिसले नाहीत तरी विषारी आहे असंच समजा. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, खाली प्लास्टिकचा कागद. ब्रशने झटकायचं नाही, साधा व्हॅक्यूमही नाही, दोन्हींनी धूळ हवेत उडते.

इथे कातडं सुकलेलं आहे, म्हणून हिशेब उलटा. ओली माती लावली तर सुकी पापणी पाणी शोषून फुगते आणि सुकताना फाटते. एम-सील नंतर कुणाला काढता येणार नाही. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) वापरतात, ॲसिटोनमध्ये दाट विरघळवून. डोळ्याच्या मागे थोडंसं लावा, काचेच्या कडेला नको. हवं तेव्हा ॲसिटोननेच परत सुटतं. पण एक अडचण आपल्या हवेची: बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडू लागतं. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ते उन्हाळाभर टिकेल याची खात्री नाही. तिथे त्याच प्रकारची बी-४४ राळ मिसळतात, ते ६० अंशांच्या आसपास मऊ होतं. मागच्या बाजूला रंग असलेला डोळा असेल तर ॲसिटोन रंगाला लागू देऊ नका.

बदक रानटी जातीचं असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो. विभागाची नोंदवही आधी पाहा, आणि डोळा काढण्यापूर्वी वनखात्याला विचारा.

नवशिका_चिपळूण
नोंदवही उद्या काढतो. बदक तोवर पेटीतच. बोकडासाठी शाडू आता टांगलाय.

कातडीकाम
फडकं सावलीत टांगा, पंख्यासमोर नको. बाहेरून कडक आणि आतून पातळ राहिली की माती मळताना गुठळ्या होतात.