माझे संपादन दोनदा उलटवले गेले. आता काय करावे?

प्रश्न
एका मुक्त ज्ञानकोशात मी नुकतेच लिहू लागलो आहे. एका नदीवरील लेखातील लांबीचा आकडा मला चुकीचा वाटला म्हणून मी तो बदलला. दहा मिनिटांत एका जुन्या सदस्याने ‘संदर्भ नाही’ एवढाच शेरा मारून तो पूर्ववत केला. मी पुन्हा बदलला, त्यांनी पुन्हा उलटवला. नवख्यांना अशीच वागणूक मिळते का?

उत्तर १
तिसऱ्यांदा बदलू नका. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा अधिक वेळा इतरांची संपादने उलटवणाऱ्यावर, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, बंदी येऊ शकते. तुमचा आकडा कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावर आहे, हे लेखाच्या चर्चापानावर लिहा. नदीचा उगम कोणता मानायचा यावरच तिची लांबी बदलते, त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या संदर्भांसह लेखात नांदू शकतात.

उत्तर २
सल्ला योग्य आहे. पण दोन शब्दांच्या शेऱ्याने नवा माणूस काय शिकणार? नवागतांवर तुटून पडू नये, अशी सूचना विकिपीडियावर आहे आणि ती जुन्यांनाच उद्देशून आहे. (मीही असे शेरे मारले आहेत, हे कबूल करतो.)

प्रश्नकर्ता
लेखाचा इतिहास आता उघडून पाहिला. त्यांच्या आकड्याला संदर्भ होता, तो मीच नकळत पुसला होता. चर्चापानावर तसे लिहिले आहे.