छोटं विमान, आडबाजूची खराब धावपट्टी आणि लँडिंग : तुमचे अनुभव सांगा

चार-सहा सीटच्या विमानातून कुठल्यातरी कच्च्या पट्टीवर उतरताना काही झालं असेल किंवा थोडक्यात वाचला असाल तर नक्की लिहा. नाक रुतलं, चाक मोडलं असल्या गोष्टी कोणी सांगत नाही आणि मग पुढचा त्याच खड्ड्यात जातो. सुरुवात मी करतो.

शिकत होतो तेव्हाची गोष्ट. गवताची पट्टी, आदल्या दिवशी पाऊस झालेला, वरून सगळं हिरवंगार सपाट. मागची चाकं छान टेकली, नाक वर धरून ठेवायचं ते मी लवकर सोडलं आणि पुढचं चाक गवताखाली झाकलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत गेलं. खाडकन आवाज, इंजिन जागीच बंद, समोरच्या काचेत नुसती माती. सर ओरडले, मिक्स्चर, मॅग्नेटो, मास्टर! (म्हणजे इंजिनला जाणारं इंधन, ठिणगी आणि विमानाची वीज बंद कर.) माझा हात पोचेपर्यंत त्यांनीच सगळं बंद केलं होतं. पेट्रोलचा वास येत होता, माझ्या बाजूचं दार हलेना, त्यांच्या दाराने बाहेर पडलो. विमानाच्या नाकावरच्या पंख्याची दोन्ही पाती टोकाला मागे वळलेली आणि एका टोकाला ओल्या गवताची काडी चिकटलेली, ती अजून डोळ्यासमोर आहे.

प्रतिसाद १ : पाती मागे वळली म्हणजे इंजिन आयडलला, म्हणजे अगदी कमी वेगावर असणार, पॉवर असती तर टोकं बहुतेक पुढे वळली असती. मी मेंटेनन्समध्ये आहे. लोकांना वाटतं पंखा बदलला की झालं. नाही हो, तो झटका थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला बसतो, बाहेरून काही दिसत नाही, इंजिन खोलून तपासावंच लागतं. एकाने पातं कानशीने घासून आणलं होतं, म्हणे दगड लागला. मी सही केली नाही. कृपया असं काही लपवू नका.

प्रतिसाद २ : आम्हाला काही झालं नाही, पण नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला उतरलोय म्हणून लिहिते. तिथली पट्टी आता डांबरी आहे, पण जेमतेम ५२७ मीटर आणि चढ जवळजवळ १२ टक्के, म्हणजे वरचं टोक खालच्यापेक्षा साधारण ६० मीटर उंच, आणि पुढे डोंगर, त्यामुळे शेवटी बेत बदलून परत वर जाता येत नाही. चढाच्या पट्टीवर येताना आपण जास्तच उंच आहोत असा भास होतो आणि माणूस नकळत खाली येतो, हे मला सोबतच्या पायलट मित्राने सांगितलं. ८ ऑक्टोबर २००८ ला तिथे धुक्यात एक ट्विन ऑटर (दोन इंजिनांचं छोटं विमान) पट्टीच्या अलीकडेच आदळलं, १९ पैकी १८ जण गेले, फक्त कॅप्टन वाचला. उतरल्यावर माझे पाय लटपटत होते.

प्रतिसाद ३ : आमचं मात्र झालं. खडीची पट्टी, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फाटून खांबावर नुसती रिंग उरलेली, त्यामुळे वारा मागून आहे हे कळलंच नाही, अर्धी पट्टी गेली तरी आम्ही हवेतच, मग टेकलो, ब्रेक दाबले तर चाकं घसरायला लागली आणि समोर नाला. पायलटने मुद्दाम बाजूला वळवलं, डावं चाक मोडलं, पंख घासत गेला आणि थांबलो. त्याचा घोटा मोडला, माझ्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ. नंतर छोट्या सेसना विमानाचं मॅन्युअल वाचलं, मागून येणाऱ्या वाऱ्याच्या (टेलविंड) दर २ नॉट्स वेगाला लँडिंगचं अंतर १० टक्के वाढवा असं सरळ लिहिलंय, म्हणजे १० नॉट्सला दीडपट! एवढ्याशा कापडासाठी सहा माणसं जाणार होती, याचा मला अजून राग येतो.

प्रतिसाद ४ : मी अशाच पट्ट्यांवर विमान उडवतो. आधी कमी उंचीवरून एक फेरी मारायची, गुरं हाकलली जातात आणि जमीनही नीट दिसते. एकदा टेकायच्या जागी रंग वेगळा वाटला, नुसती सावली असेल असंही वाटलं, दोनदा पाहिलं आणि परत फिरलो. पॅसेंजर खूप चिडले, एकाची आई तिकडे आजारी होती, त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टीवरच्या माणसाने फोटो पाठवला, पावसाने बरोबर तिथेच गुडघाभर घळ पाडली होती.