डेटा सफिशियन्सी: दोन अज्ञातांना दोन समीकरणं हा नियम फसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमपीएससी पूर्व परीक्षेतल्या सीसॅटची, म्हणजे कल चाचणीच्या पेपरची, तयारी करतेय. पेपर पात्रतेपुरता, ३३ टक्के मिळवायचे. पण ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. उतारे जमतात. अडतं ते 'विधान १, विधान २' या प्रश्नांपाशी, म्हणजे जिथे उत्तर काढायचं नसतं, दिलेली विधानं त्यासाठी पुरेशी आहेत का एवढंच सांगायचं असतं.

शाळेपासून डोक्यात एकच पक्कं आहे: अज्ञात दोन, तर समीकरणंही दोन लागणार. काल त्यावर भरवसा ठेवून लागोपाठ दोन प्रश्न चुकले.

पहिला: मुलाचं वय किती? विधान १, वडील आणि मुलाच्या वयांची बेरीज ५०. विधान २, पाच वर्षांपूर्वी हीच बेरीज ४० होती. मी 'दोन्ही मिळून पुरेशी' लिहिलं. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरी. वहीत मांडल्यावर दिसलं, दोघांची पाच-पाच वर्षं वजा केली की ५० चे ४० होणारच. नवीन काही कळलंच नाही. हे पटलं.

दुसरा मात्र अजून पटत नाही. १२ रुपयांच्या काही वह्या आणि ७ रुपयांची काही पेनं घेतली, वह्या किती? विधान १, बिल ७१ रुपये. विधान २, पेनं वह्यांपेक्षा दोनाने जास्त. उत्तर: विधान १ एकटंच पुरेसं! एका समीकरणात दोन अज्ञात कसे सुटले? आणि परीक्षेत हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

ताई, अर्धी वही कोणी विकत नाही, सगळी मेख तिथे आहे. ७१ मधून १२-१२ कमी करत जा: ५९, ४७, ३५, २३, ११. ७ ने भाग फक्त ३५ ला जातो. म्हणजे ३ वह्या, ५ पेनं, दुसरी जोडीच नाही. बिल १०३ असतं तर १ वही १३ पेनं किंवा ८ वह्या १ पेन, दोन्ही बसतात. मग ते विधान अपुरं.

समीकरणं मोजू नका. त्या विधानात बसणारी दोन वेगळी उत्तरं शोधा. सापडली तर अपुरं. आणि विधान २ वाचताना विधान १ चक्क हाताने झाका, नाहीतर त्यातली माहिती नकळत वापरली जाते.

धागाकर्ती

खूप आभार! हात ठेवून जुने प्रश्न पुन्हा पाहिले. 'क्षचा वर्ग ४९' इथे मी क्ष ७ धरला होता, उणे ७ सुटलाच. क्ष धन आहे हे विधान २ मध्ये होतं, तेच मनात राहिलं असणार. आता एकच शंका: बिल हजारात असेल तर दीड मिनिटात किती वजाबाक्या करणार?

प्रतिसाद

करायच्याच नाहीत. ८४ रुपयांत ७ वह्या येतात किंवा १२ पेनं. एवढ्या मोठ्या बिलात ही अदलाबदल कुठेतरी करता येतेच. दोन जोड्या झाल्या, विधान अपुरं, पुढच्या प्रश्नाकडे वळा.