शाळकरी पोरांच्या हाती दारू येते कुठून?

नववीच्या बाई:
परवा पहिल्याच तासाला एका मुलाच्या तोंडाला वास येत होता. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "बाई, काल काकाची हळद होती. सगळ्यांनीच घेतली." थंड पेयाच्या बाटलीत आधीच मिसळून डीजेच्या गाडीमागे ठेवली होती म्हणे. वडिलांना बोलावलं, तर "लग्नकार्यात चालायचंच." आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. इथे चौदा वर्षांच्या पोराला चुलतेच ग्लास भरून देतात. दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे. पहिला घोट घरचाच माणूस पाजतो, हे माझं ठाम मत आहे.

कोथरूडकर:
बाई, सगळं घरावर ढकलू नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्याआधी तो मित्रांसोबत पबमध्ये पीत होता, असं पोलिसांचं म्हणणं. तिथे वय कुणी विचारलं? असल्यांचा परवाना कायमचा गेला पाहिजे.

नववीच्या बाई:
त्याच प्रकरणात वडिलांवरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हळदीच्या मांडवात हे कुणाला ठाऊक असतं?

दोन मुलांचा बाप:
मला दोघांचंही पटत नाही. जितकं दडवाल तितकी पोरं चोरून पितील. सोळाव्या वर्षी घरीच, आपल्यासमोर थोडी चव दिली की कुतूहल संपतं.

मानसी, समुपदेशक:
नाही संपत, दादा. ऑस्ट्रेलियात १,९०० हून जास्त मुलांचा सहा वर्षं माग काढला, २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. आईबापांनी दिल्याचा काही फायदा दिसला नाही, उलट अशी मुलं बाहेरूनही जास्त मिळवू लागली. माझ्यासमोर बसलेली पोरं हेच म्हणतात, "घरी चालतं की."

मैदानवाला:
घर की दुकान यावर भांडताना पोरांची संध्याकाळ कशी जाते, हे कुणी बघत नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खेळ आणि संगीताच्या क्लाससाठी सरकारी पैसा मिळाला, पालकांनी आपसात ठरवून मुलांचं रात्रीचं भटकणं बंद केलं. आमच्याकडे शाळेचं मैदान साडेपाचला कुलूपबंद होतं आणि पोरं पाण्याच्या टाकीखाली जमतात.

कोथरूडकर:
तिथे बाटली विकत घ्यायला वय २० लागतं आणि ती सरकारी दुकानातच मिळायची, तेही सांगा. विक्री आवळल्याशिवाय नुसती मैदानं उघडून भागणार नाही.

नववीच्या बाई:
आवळा, माझा कुठे विरोध आहे! पण त्या हळदीतली बाटली पंचविशी कधीच ओलांडलेल्या माणसाने रीतसर पैसे मोजून आणली होती. तिथे कुठला दुकानदार अडवणार?