मोती चौकात काटा चढतो, खंबाटकीत नाही

ए-३०२ निखिल: नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, नऊ वर्षं जुनी. साताऱ्यात मोती चौकात नाहीतर पोवई नाक्यावर अडकली की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, रस्ता मोकळा झाला की खाली येतो. कूलंट मॅक्सच्या खुणेला आहे. गॅरेजवाला म्हणतोय थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडं सोडणारी झडप) काढून टाकू. काढू का?

बी-१०४ जाधव काका: अजिबात नको. आधी सांग, पुण्याहून येताना खंबाटकी घाटात काटा कुठं असतो?

ए-३०२ निखिल: मधोमध. एसी चालू, चौघं बसलेले, तरी हलत नाही.

बी-१०४ जाधव काका: मग थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपावर संशय घेऊ नकोस. यातलं काही बिघडलं असतं तर चढावर, इंजिनावर पूर्ण लोड असताना, आधी बोंब झाली असती. घाटात रेडिएटरला समोरून वारा मिळतो. चौकात तो फक्त फॅन देतो. तेव्हा फॅन बघ, नाहीतर रेडिएटरपुढचा कचरा.
थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला की हायवेला इंजिन थंडच राहतं, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. आणि चौकात हवा नाही ती नाहीच.

डी-२०१ प्रिया: काका बरोबर बोलतायत. निखिल, फॅन असा तपास.
गाडी चालू करून एसी लाव. बहुतेक गाड्यांत एसी लागला की काही सेकंदांत रेडिएटर फॅन फिरायला लागतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. सेन्सरचा सॉकेट काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीएम खबरदारी म्हणून फॅन सुरू करतो, तेवढ्यानंही कळतं. चेक लाइट लागेल, घाबरू नकोस.
दोन्ही वेळा फिरत नसेल तर बॉनेटखालच्या बॉक्समधला फॅनचा फ्यूज बघ. मग रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा स्विच. शेजारी त्याच नंबरचा रिले असेल तर दोघांची अदलाबदल कर, टेस्टर लागत नाही. तरीही नाही, तर मोटरचा सॉकेट काढून बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दे, मधे फ्यूज घालून. फिरली तर दोष वायरिंगचा, नाही तर मोटर गेली.
फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोटर जाम होतेय. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालायचा नाही, वायरिंग जळतं.
आणि पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत तो अचानक फिरतो.

सी-४०३ अमोल: तोवर चौकात अडकला तर काय करायचं? एसी बंद, बरोबर?

बी-१०४ जाधव काका: एसी बंद, आणि हीटर फुल गरम, ब्लोअर फुल.

सी-४०३ अमोल: काका, मे महिन्यात हीटर 😅

बी-१०४ जाधव काका: घाम येऊ दे की, हेड गॅस्केटपेक्षा (इंजिनाच्या हेडखालचं सील) स्वस्त आहे. हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. तरी काटा लालकडं गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं. निदान अर्धा-पाऊण तास कॅप उघडायची नाही. कॅप साधारण १ बार दाब धरते, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. उघडलीस की दाब जातो आणि सगळं उसळून तोंडावर.

ए-३०२ निखिल: आत्ताच बघून आलो. एसी लावला, फॅन ढिम्म. फ्यूज ठीक, रिले बदलून पाहिला. प्रियाताई, थेट सप्लाय दिला तरी गप्प. मोटरच्या बॉडीला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं दोनदा हलकं ठोकलं तर फिरायला लागला!

डी-२०१ प्रिया: सापडलं. मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याचं कडं) नीट टेकत नाहीत. आज फिरला म्हणून भरवसा धरू नकोस. ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश बदलून देतो, पण कम्युटेटरवर खाच पडली असेल किंवा बेअरिंग घरघरत असेल तर मोटरच बदल. बसवल्यावर गाडीच्या पुढच्या जाळीसमोर कागद धर. साध्या मांडणीत पंखा रेडिएटरच्या मागं असतो, तो हवा इंजिनाकडं ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर वायर उलट्या जोडल्यात. असा उलटा फॅन लक्षात येत नाही, फिरताना दिसतो ना.

बी-१०४ जाधव काका: फॅन खोलणारच आहेस तर एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरमधल्या फटीत टॉर्च मारून बघ. ट्रॉल्यांमागून चालवून उसाचं पाचट, धूळ, किडे तिथं थापले जातात, समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, साध्या पाइपनं धुवायचं. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर पत्र्या वाकतात.

ए-१०१ सुनीता काकू: आमच्या गाडीत हे बोअरचंच पाणी ओततात. चालतं ना?

बी-१०४ जाधव काका: नाही वहिनी. क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. मग गाडी घाटातही तापते. रेडीमिक्स (तयार मिसळलेलं कूलंट) नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना हीटर गरमवर ठेवा, इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा आणि खालचा दोन्ही होज (रबरी पाइप) तापेपर्यंत थांबा, बुडबुडे थांबले की गाडी गार होऊ द्या आणि टाकीतली पातळी भरा. हवा अडकली तर नवा फॅन असूनही काटा चढतो. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसलं, तर हेड गॅस्केट तपासायला न्या.

बी-२०२ सेक्रेटरी: जुनं कूलंट पार्किंगच्या गटारीत सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. निखिल, खाली टब ठेव, कॅनमध्ये भरून गॅरेजला दे.

ए-३०२ निखिल: हो काका. उद्या सकाळी मोटर खोलतो. प्रियाताई, ब्रशचा फोटो टाकतो, बघून सांगा बदलायचा की मोटरच घ्यायची.